मिसावाचा तरंगता धक्का

५ जून २०१२ च्या सकाळी अमेरिकेच्या ओरेगन राज्यात न्यूपोर्ट गावाजवळच्या अ‍ॅगेट बीचवर लोकांना काँक्रीटचा एक अजस्र ठोकळा दिसला. लांबी जवळपास २० मीटर, रुंदी सहा मीटरला थोडी कमी, उंची दोन मीटरहून जास्त आणि वजन १८८ टन. आदल्या दिवशी किनाऱ्यावर असं काही नव्हतं. ठोकळ्यावर जपानी अक्षरांची एक पट्टी होती. तिचा मजकूर पोर्टलंडच्या जपानी वकिलातीकडे गेला आणि पत्ता लागला: होन्शू बेटाच्या उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातलं मिसावा बंदर. मासेमारी बोटी लावायचा तो तरंगता धक्का होता. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने तिथले असे चार धक्के उखडून नेले होते. त्यातला एक सात हजारांहून जास्त किलोमीटर तरंगत, सुमारे पंधरा महिन्यांनी इथे येऊन लागला होता.

एवढंच असतं तर ही फक्त नवलाची बातमी झाली असती. बघ्यांची गर्दी झालीही. पण न्यूपोर्टमध्येच ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचं हॅटफील्ड सागरी विज्ञान केंद्र आहे, आणि तिथल्या जॉन चॅपमन यांच्यासारख्या परक्या सागरी प्रजातींच्या अभ्यासकांचं लक्ष काँक्रीटपेक्षा त्याला चिकटलेल्या गोष्टींकडे गेलं. धक्क्याच्या बाजू आणि तळ जिवंत होता. वाकामे या जपानी समुद्री शेवाळाच्या लांब तपकिरी पट्ट्या लोंबत होत्या. त्यांच्या आड शिंपल्यांचे थर, शिंपल्यांवर बार्नॅकल (एका जागी कायमचे चिकटून राहणारे कवचधारी जीव), मधल्या फटींत खेकडे, कालवं, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे मऊ प्राणी), कृमी, बारीक झिंग्यांसारखे जीव, आणि अधूनमधून उत्तर पॅसिफिकचा तारामासा. मोजदाद पुढे चालत राहिली आणि प्रजातींचा आकडा शंभराच्या आसपास गेला. जपानच्या किनाऱ्यावरची एक अख्खी वस्ती जशीच्या तशी समुद्रापार आली होती.

यातली काही नावं अभ्यासकांना चांगलीच परिचित होती, आणि ती चांगल्या कारणासाठी नव्हे. हाच तारामासा ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिप उपसागरात शिरला आणि काही वर्षांत त्याची संख्या कोट्यवधींवर गेली. तिथल्या शिंपल्यांवर तो तुटून पडतो. आशियाई किनारखेकडा १९८८ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुक्कामाला आहे, पण पश्चिम किनाऱ्यावर त्याने बस्तान बसवलेलं नव्हतं. वाकामे कॅलिफोर्नियात २००० साली पोचलं होतं, ओरेगनमध्ये नव्हतं.

मग ठरलं की हे सगळं खरवडून काढायचं. मत्स्य विभागाचे कर्मचारी, संशोधक आणि स्वयंसेवक फावडी, खरवडण्या घेऊन धक्क्यावर चढले. सुमारे दीड टन जीवसृष्टी त्यांनी ओरबाडून काढली. ती पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत खोल खड्डे खणून पुरली. नंतर उरलंसुरलं मरावं म्हणून काँक्रीटचा पृष्ठभाग गॅसच्या ज्योतींनी भाजला. पुढच्या दोन महिन्यांत धक्का तुकडे करून हलवला गेला; त्याला सुमारे ८४ हजार डॉलर खर्च आला. त्याचा एक तुकडा आज न्यूपोर्टमध्ये त्सुनामीचं स्मारक म्हणून उभा आहे.

या सगळ्या खटाटोपावर तेव्हाही प्रश्न विचारले गेले. धक्का लागल्यापासून खरवडेपर्यंत किती भरत्या येऊन गेल्या! शिंपले आणि शेवाळ पाण्यात बीज सोडतात. जे सुटायचं ते आधीच सुटलं असेल. शिवाय समुद्र काही या एका किनाऱ्याला विचारून कचरा टाकत नव्हता. जे धक्के सापडले नाहीत, ज्या बोटी दुर्गम कड्यांखाली लागल्या, त्यांना कोण खरवडणार? हे आक्षेप बिनतोड आहेत. तरीही निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. १९६७ च्या सुमारास मध्य अमेरिकेच्या बाजूचा एक लहानसा काळपट-पट्टेरी शिंपला मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत आढळला. जहाजांच्या तळाला चिकटून आला असावा. जहाजांचे तळ, बंदरातली बांधकामं, साखळदंड, जिथे जागा मिळेल तिथे त्याचे थर चढले आणि तो इथलाच झाला. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात दिसला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन मरीना, म्हणजे खासगी बोटींचे धक्के, बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आणि महिन्याभरात त्याचा नायनाट केला. त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले. पण परका सागरी जीव पुरता हटवता आला अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं हे एक. तिथे जमलं, कारण वेळेत कळलं. खरवडणीला लागलेले दोन-चार दिवस त्या हिशेबात फुकट नव्हते.

आता खरा प्रश्न. किनाऱ्यावरचे हे जीव सव्वा वर्ष मधल्या महासागरात जगले कसे? पाठ्यपुस्तकी उत्तर असं होतं की मधला समुद्र हा किनाऱ्याच्या जीवांसाठी वाळवंट असतो. पाणी स्वच्छ निळं, म्हणजे सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणजे अन्न कमी, ऊन प्रखर, तापमान बदलतं. शिंपल्याची अळी पाण्यात काही आठवडे तरंगते आणि तेवढ्यात तिला चिकटायला जागा मिळाली नाही तर संपते. जपान ते ओरेगन हा प्रवाह वर्षभराहून जास्त घेतो. तेव्हा अळीच्या रूपात पॅसिफिक ओलांडणं अशक्य, हे बरोबरच होतं. चूक पुढच्या गृहीतकात होती: वाढलेले जीवही ओलांडू शकणार नाहीत, असं धरून चाललं जाई.

धक्क्याने दाखवलं ते वेगळंच. तो जपानलगतच्या कुरोशिओ या सागरी प्रवाहाबरोबर पूर्वेकडे निघाला आणि पुढे उत्तर पॅसिफिक प्रवाहाने त्याला नेलं. वेग जेमतेम ताशी एक-दोन सागरी मैलांचा, कधी त्याहूनही कमी. मालवाहू जहाज हेच अंतर ताशी वीस मैलांनी कापतं. तळाला चिकटलेल्या जीवांना आठ-पंधरा दिवसांत थंडीतून उकाड्यात आणि पुन्हा थंडीत नेतं, शिवाय पाण्याचा जोर त्यांना ओरबाडत असतो. तरंगणाऱ्या धक्क्यावर हा धसमुसळेपणा नव्हता. पाणी हळूहळू बदलत गेलं, जीवांना सवय होत गेली. उत्तर पॅसिफिकचा तो पट्टा उष्ण कटिबंधाइतका उपाशीही नाही. अन्न गाळून खाणाऱ्या शिंपल्याला आणि बार्नॅकलला कमी अन्नावर वाढ थांबवून तग धरता येतो.

वस्तू मोठी असणं हाही भाग आहेच. दोन मीटर उंचीच्या धक्क्याला उजेडाची बाजू असते, सावलीची असते, तळ असतो, लाटांच्या शिंपणाचा पट्टा असतो. किनाऱ्याच्या खडकावर वरपासून खालपर्यंत जसे वेगवेगळे जीव आपापल्या पातळीवर राहतात, तशी मांडणी इथे आयतीच मिळाली. शिंपल्यांच्या गर्दीत ओलावा आणि आडोसा मिळतो म्हणून कृमी आणि खेकडे राहिले. शेवाळ होतं म्हणून शेवाळ खाणारे राहिले.

प्रवासातली पुढची पिढी हा मात्र सगळ्यांना न जमलेला भाग. शिंपला आपली अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडून देतो. महासागरात ती प्रवाहाबरोबर निघून जातात, आईबाप ज्या धक्क्यावर आहेत तिथे परत येण्याची शक्यता नगण्य. उलट काही बारीक कवचधारी जीव पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवतात आणि चालती-फिरती झाली की सोडतात. ती तिथेच, पलीकडच्या शेवाळाला धरून राहतात. काही समुद्रफुलं तर स्वतःचेच तुकडे पाडून वाढतात, जोडीदाराचीही गरज नाही. अशांना एक धक्का पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. दूरच्या बेटांवर पोचलेल्या किनारी जीवांमध्ये असे पिल्लं सांभाळणारे नेहमी जास्त का दिसतात, याचं कोडं जुनं होतं. इथे त्याचं उत्तर डोळ्यांसमोर तरंगत आलं.

पुढची काही वर्षं त्सुनामीतल्या बोटी आणि इतर वस्तू येत राहिल्या, आणि त्यांच्यावरच्या जपानी प्रजातींची यादी होत गेली. त्यात अभ्यासकांनी एक काळजी घेतली, तिचा उल्लेख करायला हवा. धक्क्यावर सापडलेलं सगळं जपानचं, असं धरता येत नाही. लांब देठाचे बार्नॅकल मुळातच उघड्या समुद्रातले; तरंगणारी कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्यावर चढतात. आपल्याकडे पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या चपला-बाटल्यांवरही त्यांचे घोस दिसतात. ते वाटेत चढलेले प्रवासी. म्हणून यादीत फक्त अशाच प्रजाती घेतल्या ज्या जपानच्या किनारपट्टीवर राहतात. वस्तू त्सुनामीतलीच कशावरून, हे बोटीच्या नोंदणी क्रमांकावरून, मालकाच्या नावावरून, लाकडाच्या घडणीवरून तपासलं गेलं. शिवाय २०१२ च्या आधी असा जिवंत माल घेऊन जपानी वस्तू येत असल्याची नोंदच नव्हती. मग एकदम लोंढा आला आणि नंतर ओसरला. हा चढउतारच एक पुरावा होता.

मार्च २०१३ मधल्या एका प्रसंगाने मात्र कसलेले अभ्यासकही चक्रावले. वॉशिंग्टन राज्यातल्या लाँग बीचवर सहा मीटरची एक जपानी बोट लागली. तिचा मागचा भाग पाण्याखाली कललेला होता आणि तिथल्या उघड्या कप्प्यात पाणी साचलेलं. त्या पाण्यात पाच मासे जिवंत होते: काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे, जपानमध्ये इशिदाई म्हणतात ते. खवय्यांचा आवडता मासा. चिकटून बसणाऱ्या शिंपल्याचं समजू शकतं, पण मासा? त्याला बोट सोडून जायला कोणी अडवलं होतं? उत्तर माशाच्या सवयीत आहे. इशिदाईची पिल्लं एरवीही तरंगत्या शेवाळाखाली आडोशाने राहतात. त्यांच्या लेखी बोट म्हणजे जरा मोठं शेवाळ. आडोसा, आणि बोटीवर वाढलेल्या जीवांचं खाणं. पाचांपैकी चार मासे अभ्यासासाठी मारले गेले. पाचवा ओरेगनमधल्या सीसाइड मत्स्यालयात ठेवला आणि तिथे पोरांचा लाडका झाला.

सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स कार्ल्टन, चॅपमन, ग्रेगरी रुइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ ते २०१७ या काळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि हवाई बेटांवर आलेल्या सहाशेहून जास्त वस्तू तपासल्या. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. जपानच्या किनाऱ्यावरच्या २८९ जिवंत प्रजाती, प्राण्यांचे आणि सूक्ष्मजीवांचे मिळून १६ संघ, म्हणजे जीवसृष्टीचे मोठे विभाग. सहा वर्षांनंतरही नव्या वस्तूंवर जिवंत जपानी जीव येतच होते. सहा वर्षं! एवढ्या दीर्घ तरंगत्या प्रवासाची नोंद त्याआधी कुठेही नव्हती.

आकड्यांच्या पोटात एक निरीक्षण आहे आणि मला ते आकड्यांहून मोलाचं वाटतं. सुरुवातीला येणाऱ्या वस्तूंमध्ये लाकूड बरंच होतं: घरांच्या तुळया, खांब, झाडं. २०१४ नंतर लाकूड जवळपास थांबलं. फायबरच्या बोटी, बोये, क्रेट, फोम भरलेले धक्के यांचं येणं मात्र चालू राहिलं. लाकडाचं काय झालं? ते समुद्रात पोखरलं गेलं. लाकूड खाऊन जगणारा लांबुळका शिंपला कुठल्याही तरंगत्या ओंडक्याची वर्ष-दोन वर्षांत चाळण करतो, मग तो ओंडका बुडतो आणि प्रवाशांसकट तळाला जातो. कोकणात लाकडी होडीच्या तळाची निगा राखणाऱ्या कोणालाही हा शत्रू सांगावा लागणार नाही.

निसर्गात तराफे नेहमीच होते. चार्ल्स डार्विनने १८५०च्या दशकात बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या आणि त्यातल्या बऱ्याच महिन्याभरानंतरही रुजतात हे दाखवलं. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅरिबियन समुद्रात लुईस आणि मॅरिलिन ही चक्रीवादळं आली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अँग्विला बेटाच्या किनाऱ्यावर उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा गुंता लागला आणि त्यावरून हिरवे इग्वाना उतरले, किमान पंधरा. त्या बेटावर ही जात त्याआधी नव्हती. बेटांवर प्राणी कसे पोचले यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, आणि इथे कोळ्यांच्या डोळ्यांदेखत ते ओंडक्यावरून चालत वाळूत आले. पण असा झाडांचा तराफा काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. शेजारच्या बेटापर्यंतची उडी त्याला जमते, महासागरापलीकडची क्वचित.

मिसावाच्या प्रकरणातून मला दिसतं ते हे: किनाऱ्यावरच्या जीवांच्या अंगी महासागर ओलांडण्याची ताकद आधीपासून होती, कमी पडत होतं ते वाहन. ज्याला आपण समुद्राची भिंत समजत होतो ती बऱ्याच अंशी लाकडाच्या आयुष्याची मर्यादा होती. फोम, फायबर आणि प्लॅस्टिकने ती मर्यादा उठवली. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजाने त्सुनामीने सुमारे पन्नास लाख टन मलबा समुद्रात ओढला. त्यातला ७० टक्के जवळच बुडाला आणि पंधरा लाख टन तरंगत राहिला. पूर्वीही जपानला अशा त्सुनामी बसल्या आहेत, १८९६ ची, १९३३ ची. तेव्हाच्या गावांत तरंगायला मुख्यतः लाकूड होतं. लाट तीच, किनारा तोच, पण तेव्हा असं काही घडल्याची नोंद नाही.

मग एवढ्या प्रजातींपैकी अमेरिकेत रुजल्या किती? अहवाल आला त्या २०१७ पर्यंत तरी एकही नाही. हे ऐकून काहीजण म्हणतील, उगाच ओरड केली. पण पोचणं आणि रुजणं यांत बरीच वर्षं जाऊ शकतात. आइसलंडजवळचं सर्ट्सी बेट नोव्हेंबर १९६३ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकातून समुद्रावर आलं. १९६५ मध्येच तिथे समुद्रमोहरीच्या जातीचं पहिलं रोप उगवलं, पण राखेखाली गाडलं गेलं. पुढची वीस वर्षं तिथे फारच थोड्या वनस्पती टिकाव धरून होत्या. १९८६ पासून कुरव पक्षी वसाहत करून घरटी बांधू लागले, त्यांच्या विष्ठेने राखेला खत मिळालं, आणि मग हिरवळ झपाट्याने पसरली. (मधेच एकदा तिथे टोमॅटोचं रोपही उगवलं होतं; कोणा माणसाने उघड्यावर विधी उरकल्याचा तो परिणाम. ते तातडीने उपटण्यात आलं.) ओरेगनच्या किनाऱ्यावर तर कोरी राख नाही, प्रत्येक खडकावर आधीच कोणीतरी बसलेलं आहे. नव्याला जागा मिळायला जुन्याचा पाय घसरावा लागतो: एखादं वादळ, एखादी रोगाची साथ, पाण्याचं तापमान वाढलेलं एखादं वर्ष.

दरम्यान गोष्ट किनाऱ्यापुरती राहिलेली नाही. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यामधल्या सागरी प्रवाहांच्या प्रचंड भोवऱ्यात प्लॅस्टिक गोल फिरत अडकतं. २०१८-१९ च्या हिवाळ्यात तिथून उचललेल्या १०५ वस्तू लिन्सी हॅरम आणि सहकाऱ्यांनी तपासल्या: दोऱ्या, जाळी, बोये, बाटल्या, क्रेट. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ७० टक्क्यांहून जास्त वस्तूंवर किनाऱ्यावरचे जीव होते. ओळखलेल्या ४६ गटांपैकी ३७ किनाऱ्यावरचे निघाले, उघड्या समुद्रातले फक्त नऊ. त्यातल्या अनेकांच्या अंगावर अंडी-पिल्लं होती, एकाच जातीचे लहान-मोठे सगळ्या आकाराचे जीव शेजारी शेजारी होते. म्हणजे मुक्काम नुसता वाटेतला नव्हता, संसार तिथेच थाटलेला होता. मिसावाच्या धक्क्यावरचे जीव निदान एका किनाऱ्यावरून दुसऱ्याला पोचले. या जीवांना किनारा लागायची गरजच उरलेली नाही.

जवळपास दोनतृतीयांश वस्तूंवर किनाऱ्यावरचे आणि उघड्या समुद्रातले जीव एकत्र होते. एका बोयावर जागा तेवढीच. पूर्वी तिथे लांब देठाच्या बार्नॅकलची मक्तेदारी होती. आता समुद्रफुलं, झिंग्यांचे भाऊबंद आणि शेवाळासारखे दिसणारे झुडुपी प्राणी वाटेकरी झाले आहेत. कोण कोणाला खातं, कोण कोणाला हटवतं, याचा अभ्यास आता कुठे सुरू झाला आहे. आणि या भोवऱ्याच्या कडेलाच हवाई बेटं आहेत. तिथे माणूस येण्याआधी नवी प्रजात रुजायला हजारो वर्षं लागायची. तिथल्या किनाऱ्यांना आज असं वसलेलं प्लॅस्टिक बारमाही लागतं आहे, त्यासाठी त्सुनामीही यावी लागत नाही.